घोडे, पितळी दांडा आणि आपला बंब

नमस्कार मंडळी, कसं काय, बरं हाय न्हवं? अग्निशमन सप्ताह आला की, म्हणजे 14 ते 20 एप्रिल, सगळीकडं बंबांची प्रात्यक्षिकं होतात, पोरं गर्दी करतात, तर त्या निमित्तानं आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे. लेकाकडं अमेरिकेत गेलो होतो तेव्हा तिथल्या एका लहान गावात जुन्या फायर स्टेशनचंच म्युझियम केलेलं बघितलं. मी आपला "बंब काय बघायचा" म्हणत गेलो आणि सून शेवटी "बाबा, चला आता, बंद करायला लागलेत" म्हणेपर्यंत हललो नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा छतालाच नजर जाते, कारण घोड्यांचा सगळा साज वर टांगलेला. पूर्वी वाफेवर चालणारा पंप ओढायला घोडे असायचे, आणि घंटा वाजली की ते घोडे आपणहून ठाणातनं निघून गाडीपुढं येऊन उभे राहायचे, वरनं साज खाली सोडायचा, गळपट्टा खटकन बंद करायचा की निघाली गाडी! घोड्याला बोलवायलाच लागायचं नाही हो. मोटार आल्यावर हे सगळं गेलं. वर झोपलेल्या लोकांनी जिना सोडून सरळ खाली यावं म्हणून तो घसरायचा दांडा, तो 1878 मध्ये शिकागोत पहिल्यांदा बसवला, पहिला लाकडी होता आणि पितळी नंतर आला.

एका कोपऱ्यात चामड्याचा होस पाईप होता. आपण कोल्हापूरची माणसं, चामडं दिसलं की आधी शिवण बघणार, पण तिथं शिवणच नव्हती, कडेनं ओळीनं तांब्याचे रिव्हेट ठोकलेले. शिवलेला पाईप पाण्याच्या दाबानं उसवायचा म्हणून फिलाडेल्फियात 1800 च्या सुमाराला ही युक्ती काढली. हेल्मेटं पण चामड्याचीच आणि मागची कड लांब ठेवलेली, का तर वरनं पडणारं पाणी मानेत जाऊ नये. केवढा बारीक विचार बघा.

पण मला खरं हसू आलं ते दुसऱ्याच गोष्टीला. पगारी जवान यायच्या आधी तिथं आग विझवायला पेठेपेठेतली हौशी पोरंच असायची, प्रत्येकाचा आपला पंप, आपलं नाव, आपला रंग, आणि पहिलं पाणी कुणी मारायचं यावरनं चक्क हाणामाऱ्या! दुसऱ्या टोळीला रस्त्यावरचा नळ सापडू नये म्हणून वर पिंप पालथं घालून आपला माणूस त्यावर बसवायचे म्हणे, आणि इकडं घर जळतंय. आपल्याकडं तालमी-तालमींची फुटबॉलची मॅच असली की शाहू स्टेडियमवर काय होतं ते आठवा, तसंच. ह्या भानगडीला कंटाळून सिनसिनाटीनं 1853 मध्ये वाफेचा पंप आणि पगारी माणसं ठेवली.

आता आपल्याकडचं. 14 एप्रिलच का, तर 1944 ला त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी पण आणि शेकडो टन स्फोटकं पण, हा शहाणपणा कुणाचा होता देव जाणे. दुपारपासनं जवान पाणी मारत होते, चार वाजून गेल्यावर स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले.

आणि आपली जखम तर ताजीच हाय. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र, शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 मध्ये सुरू झालेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, ते पण संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. अख्खं गाव रस्त्यावर, कितीतरी जण रडत होते. त्या धुरात शिरलेल्या जवानांचं नंतर कुणी किती नाव घेतलं सांगा? 2019 च्या महापुरात हीच माणसं बोटी घेऊन लोकांना घराघरातनं काढत होती, म्हणजे बंबवाला फक्त आगीचा असतो हा पण गैरसमजच की.

माझं म्हणणं एवढंच, की त्या परक्या गावानं साधा पाईप आणि हेल्मेट जपून ठेवलं, आणि आपल्याकडं जुना बंब झाला की भंगारात. मोठी इमारत नको, फंड नको, कुठल्यातरी फायर स्टेशनात एक खोली पुरे. रिटायर झालेले जवान हायत, त्यांना खुर्ची द्या, ते बोलतील, पोरं ऐकतील. नाट्यगृह उभं करताना जळक्या तुळईचा एखादा तुकडा तिथं ठेवला तर आणखी चांगलं.

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी अग्निशमन दलात होतं का, जुना फोटो, बिल्ला, शिट्टी, पितळी नोझल असलं काही माळ्यावर पडलंय का? असेल तर टाकू नका, आमच्या केंद्राच्या पत्त्यावर एक कार्ड टाका, नाव आणि कुठल्या सालचं तेवढं लिहा, फोटोच्या मागं पेनानं काही खरडू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. भेटू परत, नमस्कार.