पत्ता सांगायचा तर इमारत सांगा

नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर पडलं की शेअर रिक्षावाल्यांचा ओरडा सुरू, बिटको, जेलरोड, द्वारका, शालिमार... नवीन माणूस जेलरोड ऐकून जरा दचकतोच. पण आमच्याकडं पत्ते असेच, जी इमारत मोठी तिचंच नाव एरियाला.

मूळ नाशिक इथून आठ-नऊ किलोमीटर. रेल्वे गेली गावाबाहेरून, म्हणून 1889 पासून स्टेशन ते मेनरोड चक्क घोड्यांची ट्राम धावायची, आज सांगितलं तर पोरं हसतात.

बिटको म्हणजे दंतमंजनवाले. त्याच चौहान-बिटको घराण्यानं मुक्तिधाम बांधलं, मकराण्याचा पांढरा संगमरवर, भिंतींवर गीतेचे 18 अध्याय. मे महिन्यात दुपारी दर्शनाला आलात तर पायरीपर्यंत पळतच जावं लागतं, अनुभव आहे.

जेल 1927 चं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्या तुरुंगातच, 1933 च्या फेब्रुवारीत, फक्त पाच दिवसांत. आज गणपतीच्या दिवसांत लोक याच जेलमधून कैद्यांनी घडवलेल्या मूर्ती घ्यायला येतात.

आणि ही लांबच लांब भिंत म्हणजे प्रेस, नोटा आणि तिकिटांचा सरकारी छापखाना. आत शूटिंग नाही, त्यामुळं भिंतच बघा. पोस्टाची तिकिटं आधी लंडनहून छापून यायची, 1925 च्या सुमारास ती इथं सुरू झाली, मग 1928 ला शेजारीच नोटा, पहिली नोट पंचम जॉर्जच्या चित्राची, 5 रुपयांची. पण मला सगळ्यात भारी वाटते ती पुढची गोष्ट, फाळणी झाली, पाकिस्तानकडं स्वतःचा नोटांचा छापखानाच नव्हता, तर 1948 ला त्यांच्या पहिल्या नोटा पण इथंच निघाल्या, आपल्याच नोटा आणि त्यावर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान', उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. म्हणजे देश वेगळा झाला तरी पैसा काही दिवस नाशिकरोडचाच!

आमच्या शेजारचे काका प्रेसला होते. दिवसभर कोऱ्या नोटांच्या थप्प्या बघायच्या आणि सुटताना झडती द्यायची, जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा. घरी आले की काकूंकडं भाजीला सुट्टे मागायचे.

आता शिफ्ट सुटलीये, गेटवर गर्दी होतेय. तो बघा जवान इकडंच येतोय, हात हलवतोय, कॅमेरा बंद करा म्हणतोय. करतो दादा, करतो.