जो, जिल आणि सतरा कल्पना

पडद्यावर एक चौकोन. त्याचं नाव जो. कीबोर्डपाशी बसलेलं मूल त्याला सांगतं: जो, ३० अंश वळ. चौकोन तिरका होतो. लहान हो. तो आक्रसतो. मग दुसरा चौकोन येतो, जिल. तिला कितीही फिरवा, जो जागचा हलत नाही.

हे १९७० च्या दशकातलं पालो आल्टो. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली, आणि अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांनी मुलांना ती शिकवायला हा जो पुढे केला. ऑब्जेक्टची, म्हणजे जोसारख्या प्रोग्रॅममधल्या घटकाची, व्याख्या कुठेच नाही. हाक मारायची, तो ओ देतो.

आपल्या प्रोग्रॅमिंगच्या तासाला क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेला मोदक. साचा एक, मोदक एकवीस, इथवर ठीक. पण मोदक हाकेला ओ देत नाही! त्यामुळे व्हायव्हाला व्याख्या घडाघडा, आणि प्रोग्रॅम लिहायला घेतला की सगळा कोड मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या एकाच भागात, कोंबलेला.

जिलचं कामही कमी नाही: एकाच साच्यातले दोन ऑब्जेक्ट वेगळे असतात, हे ती दाखवते. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये बजावलं होतं: उदाहरणात प्रत्येक क्लासचा एकेकच ऑब्जेक्ट असेल, तर विद्यार्थी क्लास आणि ऑब्जेक्ट एकच समजून बसतात. ती गाठ मग सहजी सुटत नाही.

पार्कमध्ये मुलं रमली. बारा वर्षांच्या एका मुलीने तर चित्रं काढायचा प्रोग्रॅम लिहिला. मग प्रोग्रॅमिंग न येणारी, केंद्रातलीच मोठी माणसं शिकायला बसली. सुरुवातीचे धडे त्यांनी मुलांपेक्षा भराभर उरकले. पुढचं काम साधं वाटणारं: नाव-पत्त्यांच्या कार्डांच्या पेटीसारखा प्रोग्रॅम.

तिथे गाडी अडली.

के यांनी उत्तर स्वतः लिहून पाहिलं. जेमतेम पानभर. पण बारकाईने पाहिलं तर त्यात सतरा कल्पना निघाल्या, आणि एकही आपसूक सुचण्यासारखी नव्हती. त्यांनी दाखला दिला कमानीचा: बांधकामातली कमान आधी ठाऊक नसेल, तर ती स्वतःहून सुचणं फार अवघड. लहानग्यांच्या यशाने आपण जरा हुरळलो होतो, हेही त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं. मला त्या चौकोनांपेक्षा ही कबुली जास्त मोलाची वाटते.

कार्डं पुढे दुसऱ्याच रूपात परतली. १९८९ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी शिकणाऱ्यांच्या हातात साधी पुठ्ठ्याची कार्डं दिली, चार बाय सहा इंचांची. एका कार्डावर एक क्लास: त्याचं नाव, त्याच्या जबाबदाऱ्या, मदतीला कोण. संगणक बंद. प्रसंग सुरू झाला की ज्याची पाळी, त्याने आपलं कार्ड उचलायचं आणि त्या ऑब्जेक्टच्या भूमिकेत शिरायचं.

टेबलाभोवती चौघं बसलेत. पैसे काढायचेत. एक जण कार्ड उचलतो, खालीवर बघतो आणि म्हणतो, "शिल्लक माझ्याकडे नसते. खात्याला विचारा."

समोरची बाई आपलं कार्ड उचलते.