महिन्याला दोन फेऱ्या

(दृश्य: दाट रान. खोल घळ. घळीवर काँक्रीटचा पूल, त्यावर कुणीही नाही. फक्त पाण्याचा आणि पाखरांचा आवाज.)

हा पूल न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर आहे. खाली मांगापुरुआ नावाचा ओढा, दोन्ही अंगांना रान. १९३६ साली तो बांधून झाला. पलीकडे आज गाव नाही, शेत नाही, गाडीरस्ताही नाही. लोक त्याला ‘कुठेच न जाणारा पूल’ म्हणतात.

एके काळी या खोऱ्यात शेतं होती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने इथे जमिनी दिल्या. आलेल्यांनी कुऱ्हाडीने रान तोडलं, जाळलं, गवत पेरलं, मेंढ्या सोडल्या, घरं उभी केली. जाळलेल्या रानाच्या राखेवर सुरुवातीची काही वर्षं गवत जोमाने येतं. मग तोडलेल्या झाडांची मुळं जमिनीत कुजली, उतार सैल झाले, आणि मोठ्या पावसात माती ओढ्यात जाऊ लागली. रस्त्यावर दरडी कोसळत. शेतमालाचे भाव पडले. ज्या पुलाची ही माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत होती, तो झाला तेव्हा अनेक घरांना कुलपं लागलेली होती. १९४२ मध्ये सरकारने रस्त्याची देखभाल थांबवली आणि शेवटची कुटुंबंही खोरं सोडून गेली.

या लोकांकडे कष्टांची कमी नव्हती. खंदकात दिवस काढलेली माणसं होती ती. मग कमी कशाची होती? सैनिकाचा शेतकरी कसा होतो, या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालो की पहिल्यांदा या पुलापाशी येऊन थांबावं लागतं.

(दृश्य: जुने नकाशे. जमिनीचे चौकोन आखलेले.)

सैनिकाला सेवेच्या बदल्यात जमीन द्यायची, ही कल्पना फार जुनी. रोमचा सम्राट ऑगस्टस याने स्वतःच्या कारकिर्दीचा हिशोब कोरून ठेवला, त्यात सैनिकांसाठी जमिनी विकत घेतल्याची नोंद आहे: इटलीत सुमारे ६० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) आणि इतर प्रांतांत २६ कोटी. दोन हजार वर्षांत राज्यकर्ते बदलले, पण समजूत बदलली नाही. जो माणूस थंडीवाऱ्यात पहारा देऊ शकतो तो शेती सहज करेल, अशी ती समजूत. ही समजूत सैनिकाच्या ताकदीचा गौरव करते, पण शेतीला मात्र अंगमेहनतीपलीकडे काही असतं हे मानत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात हजारो सैनिकांना जमिनी दिल्या गेल्या. किती जण टिकले, किती पैसे बुडाले, याची चौकशी न्यायमूर्ती पाइक यांनी केली. १९२९ च्या त्यांच्या अहवालात तोट्याचा आकडा होता सुमारे २ कोटी ३५ लाख पौंड. आकड्यापेक्षा कारणं महत्त्वाची. हाताशी भांडवल नव्हतं. तुकडे इतके लहान की एका कुटुंबाचं पोट त्यावर भरणं अवघड. शेतीला न सरावलेली माणसं. आणि कोसळलेले भाव. या चारांपैकी एकाही कारणात ‘आळस’ नाही. तरीही जमीन सोडून जाणाऱ्याच्या मनावर डाग राहिलाच असेल. युद्धात न हरलेला माणूस शेतात हरला, असं त्याने स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, हे कुठल्याच अहवालात येत नाही.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. या जमिनी रिकाम्या पडलेल्या नव्हत्या. कॅनडात सैनिकांच्या वसाहतीसाठी मूळनिवासी जमातींच्या राखीव क्षेत्रांतली जमीनही घेण्यात आली. ऑस्ट्रेलियात त्याच सैन्यात लढलेल्या आदिवासी सैनिकांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला या योजनेतली जमीन आली. उपकाराची परतफेड करताना कुणाचं तरी देणं थकवलं गेलं.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर पिकांचा आराखडा. बाकांवर अंगाने रुंद, वयाने मोठे विद्यार्थी.)

कॅनडात एक वेगळा विचारही झाला होता. कर्ज मागणाऱ्याला शेतीची जाण आहे का, हे आधी तपासलं जाई. नसेल तर त्याला अनुभवी शेतकऱ्याकडे कामाला धाडलं जाई. सैनिकांच्या पत्नींसाठीही ही योजना चालवणाऱ्या मंडळाची स्वतंत्र शाखा होती. शेतावरचं घर चालवणं हे शहरातल्या घरापेक्षा वेगळं काम आहे आणि तेही शिकावं लागतं, हे तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. शेती एका माणसाच्या नावावर असते, पण ती करतं सगळं घर.

खरा बदल दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. ऑस्ट्रेलियाने १९४५ च्या नव्या योजनेत जमिनीचे तुकडे कुटुंब जगेल एवढे ठेवायचं ठरवलं, माणसं पारखून घ्यायची आणि शिकवायची ठरवलं. अमेरिकेत युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ चा जी. आय. कायदा आला. या कायद्याने लाखो सैनिक कॉलेजात गेले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण सुमारे ७ लाख सैनिकांनी त्याच कायद्याखाली शेतीचं शिक्षण घेतलं, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

ते शिक्षण कसं होतं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. १९४७ च्या दुरुस्तीत नियम घातला गेला: वर्षाला किमान २०० तास वर्गात, सगळ्यांबरोबर. त्याशिवाय किमान १०० तास एकट्या विद्यार्थ्यासाठी, आणि त्यातले निदान ५० तास त्याच्या स्वतःच्या शेतावर. शिक्षकाने महिन्याला कमीत कमी दोनदा त्या शेतावर गेलंच पाहिजे.

महिन्याला दोन फेऱ्या. कायद्याच्या भाषेतली ही एक कोरडी ओळ, पण मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी ओळ वाटते. कारण शेतीत चूक झाल्याचं कळायला वेळ लागतो. पेरणीची चूक उगवणीला दिसते, खताची चूक फुलोऱ्यात, आणि पिकाच्या निवडीची चूक थेट बाजारात. दोन आठवड्यांनी येणारा माणूस ती चूक लहान असतानाच पकडतो. वर्गात हात वर करून विचारता न येणारे प्रश्न बांधावर विचारता येतात. आणि कुणी येणार आहे, एवढं ठाऊक असलं तरी माणूस नांगी टाकत नाही.

या योजनेतही सगळ्यांना सारखा न्याय मिळाला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना तिचा लाभ मिळवताना भेदभावाला तोंड द्यावं लागलं. पण कसं शिकवावं, याचा नमुना मात्र तिने घालून दिला.

(दृश्य: पहाट. शेडमध्ये ट्रॅक्टर. एक माणूस तेलाची पातळी बघतो, टायर दाबून पाहतो, वहीत नोंद करतो.)

सैन्यातून आलेला माणूस शेतात काय घेऊन येतो, ते या पाच मिनिटांत दिसतं. यंत्र सुरू करण्याआधी तपासायचं. काम झालं की हत्यार पुसून जागेवर ठेवायचं. नोंद ठेवायची. एक बेत फसला तर दुसरा तयार हवा. मोहीम संपली की बसून बोलायचं, काय चुकलं, कुठे चुकलं, कुणावर राग न धरता. ही शेवटची सवय तर अनेक जुन्या शेतकऱ्यांनीही घ्यावी इतकी मोलाची.

मग अडतं कुठे?

(दृश्य: ओली जमीन. प्रशिक्षक वाकून मूठभर माती उचलतो.)

इथे. मराठीत एक शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन कामाला येण्याजोगी ओलसर होते, फार ओलीही नाही आणि सुकलेलीही नाही, ती अवस्था. शेती शिकवणारा माणूस नवख्याला सुरुवातीलाच हे दाखवतो. माती मुठीत घ्या, दाबा, मूठ उघडा. गोळा झाला? आता अंगठ्याने टोचा. भुगा होऊन सुटला तर कामाला लागा. चिकट राहिला, अंगठ्याचा ठसा उमटला, तर आज नाही.

‘आज नाही’ हे ऐकणं सैनिकाला सर्वांत जड जातं. ठरलेल्या वेळी निघायचं, पाऊस असो वा चिखल, हे वर्षानुवर्षं त्याच्या अंगात भिनलेलं असतं. तो ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घालतो. चाकांखाली माती दबते, तिच्यातली हवेची, पाण्याची वाट बंद होते, मुळं खाली जाऊ शकत नाहीत. एका सकाळच्या घाईचा भुर्दंड पुढचे काही हंगाम भरावा लागतो. तेव्हा शेतीतली शिस्त वेगळी असते, हे त्याला शिकावं लागतं. इथे कधी कधी किल्ली खिशात ठेवून परत फिरणं, हीच शिस्त.

दुसरं म्हणजे हुकूम. वरून कुणी सांगणार नाही. काय पेरायचं, कधी विकायचं, कर्ज काढायचं की नाही, सगळं स्वतःच ठरवायचं. महिन्याच्या महिन्याला पगार येत नाही. खर्च आधी, उत्पन्न नंतर, आणि मधल्या महिन्यांत घर चालवायचंच. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात मातीइतकाच वेळ हिशोबाला दिला जातो. एका पिकाला किती खर्च येईल, किती माल निघेल, तो कोण घेईल, भाव पडला तर किती दिवस तग धरता येईल. हे कागदावर जमत नसेल तर शेतात जमणार नाही. आणि पहिल्याच वर्षी सगळी पुंजी जमिनीत घालू नये, हे तर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आधी दुसऱ्याच्या शेतावर एक हंगाम. मग लहानसा तुकडा भाड्याने. मग पुढचं.

(दृश्य: मधमाश्यांच्या पेट्या. जाळीचा मुखवटा घातलेली एक स्त्री चौकट अलगद वर उचलते.)

आज अमेरिकेत या कामाला पुन्हा धार आली आहे. २०१७ च्या कृषिगणनेत तिथे प्रथमच शेतकऱ्यांना विचारलं गेलं, तुम्ही सैन्यात होता का? सुमारे ३ लाख ७० हजार जणांनी होय म्हटलं. शंभरातले अकरा. त्यांतले बरेच उतारवयाचे. शेतीत उतरणाऱ्या माजी सैनिकांसाठीची फार्मर व्हेटरन कोअलिशन ही संस्था कॅलिफोर्नियातल्या मायकेल ओ’गॉर्मन या शेतकऱ्याने उभी केली. सैनिकांनी पिकवलेल्या मालावर ‘होमग्रोन बाय हिरोज’ अशी खूण लावण्याची पद्धत २०१३ मध्ये केंटकी राज्यात सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. ‘आर्म्ड टू फार्म’ नावाच्या शिबिरात वर्ग असतोच, पण प्रत्यक्ष शेतं फिरून दाखवली जातात, आणि जोडीदारालाही सोबत घेता येतं. कॅनडातली ती जुनी शहाणी कल्पना इथे पुन्हा भेटते. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने सैनिकांसाठी मधमाशीपालनाचा ‘हिरोज टू हाइव्ज’ हा अभ्यासक्रम चालवला. सेवेचे शेवटचे जास्तीत जास्त १८० दिवस नागरी कामाचं शिक्षण घेण्यात घालवण्याची सोयही तिथल्या सैन्यात आहे, म्हणजे गणवेश उतरवण्याआधीच हाताला नवं काम लागू शकतं.

मधमाश्यांचं काम अनेकांना मानवतं, त्याला कारण आहे. पेटी उघडताना धसमुसळेपणा चालत नाही. हात सावकाश हलवावे लागतात, श्वास शांत ठेवावा लागतो. ज्याचं मन सतत धोका हुंगत असतं, त्याला थोडा वेळ तरी समोरच्या एका चौकटीकडेच बघावं लागतं.

पण इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. शेती औषध आहे, असं सैनिकाला सांगून मोकळं होऊ नये. मातीत हात घातल्याने मन हलकं होतं, हे खरं. झोप लागते, भूक लागते, दिवसाला आकार येतो. मात्र बाग फुलवणं वेगळं आणि कर्ज काढून शेतीवर घर चालवणं वेगळं. दुसऱ्यात काळजी असते, तोटा असतो, एकटेपणा असतो. ज्याच्या डोक्यात युद्ध अजून चालू आहे, त्याला डॉक्टर हवा, समुपदेशक हवा, आणि त्याच्याबरोबर शेती. डॉक्टरऐवजी शेती नको.

(दृश्य: ट्रॅक्टरला जोडलेली उचलयंत्राची खुर्ची. कृत्रिम पाय असलेला माणूस तीवर बसतो. खुर्ची सावकाश वर जाते.)

शरीराच्या जखमांनाही जागा द्यावी लागते. अमेरिकेत १९९० च्या कृषी कायद्यातून ‘ॲग्रॲबिलिटी’ हा कार्यक्रम निघाला, अपंगत्व आलेल्या सगळ्याच शेतकऱ्यांसाठी. विद्यापीठातले लोक शेतावर येतात, माणूस कसा चालतो, कुठे अडतो ते पाहतात, आणि मग यंत्र त्याच्या बेताचं करतात. पायाचं काम हाताने करणारी दांडी. ट्रॅक्टरवर चढवणारी खुर्ची. न वाकता उघडता येणारं फाटक. स्फोटांनी कान गेलेले असतात, तेव्हा मागून येणारं यंत्र ऐकू येत नाही. मग आरसे बसवायचे. यातली बरीचशी कामं गावातला वेल्डरही करू शकतो. फक्त कुणीतरी त्या शेतावर जाऊन पाहायला हवं.

(दृश्य: संध्याकाळ. शेताच्या कडेला दोन माणसं. एकाच्या हातात वही.)

शिकाऊ शेतकऱ्याचं हे दुसरं वर्ष. गेल्या वर्षी वहीत पानंच्या पानं होती, पेरलेल्या ओळींची, दिलेल्या पाण्याची, मेलेल्या रोपांची. यंदा नोंदी आटोपशीर झाल्या आहेत. प्रशिक्षक वही चाळतो, एका ओळीवर बोट ठेवतो, विचारतो, “हे इथे का सोडून दिलंस?”

“वाफसा नव्हता, सर.”

प्रशिक्षक वाकतो, मूठभर माती उचलतो, दाबतो, अंगठ्याने टोचतो. गोळा सुटत नाही. तो हात झटकून वही परत देतो.

“गुरुवारी येतो,” म्हणतो, आणि गाडीकडे वळतो.