कातरवेळेचं बटण

[रंकाळ्याचा काठ. सूर्य टेकलाय. पाण्यावर तांबूस पट्टा. निवेदन सुरू होईपर्यंत फक्त तिथलेच आवाज.]

कोल्हापुरात रंकाळ्यावर दिवस मावळताना उजेड एकदम जात नाही. आधी पलीकडच्या झाडांचा हिरवा जातो. मग पाण्यावरचा तांबडा. माणसांचे चेहरे पुसट होतात, पण त्यांची बोलणी मात्र स्पष्ट ऐकू येत राहतात. भेळेच्या गाड्यांवर दिवे लागतात, आणि ते लागले की मगच कळतं, अंधार पडलाय.

या वेळेला आपल्याकडे शब्द आहे. कातरवेळ.

गेली दोन वर्षं मी एक बटण बनवतेय. एकच. संगणकावर संगीत करणाऱ्यांसाठी. ते डावीकडून उजवीकडे फिरवलं की आवाजाची कातरवेळ व्हावी, एवढंच त्याचं काम.

[खोलीतलं टेबल. लॅपटॉप, छोटा कीबोर्ड, हेडफोन. पडद्यावर इफेक्ट्सच्या खिडक्या एकावर एक.]

अँबिएंट म्हणा, डब टेक्नो म्हणा, लो-फाय म्हणा. धूसर, उदास, रात्रीचं इलेक्ट्रॉनिक संगीत. कोल्हापुरात ते करणारी मुलं-मुली आहेत, आपापल्या खोल्यांत, दार लावून. त्यांची रात्र मला माहीत आहे, कारण मीही त्यांच्यातलीच. दोन वाजलेले असतात. चार सूर असे काही जुळतात की अंगावर काटा येतो. आता हा आवाज थोडा लांब न्यावा, थोडा मळवावा असं वाटतं, आणि तिथून पुढे पाऊण तास जातो डिके, प्री-डिले, रेझोनन्स असं लिहिलेल्या खिडक्या उघडण्या-मिटण्यात. तोवर ते चार सूर आपल्याला परके झालेले असतात. हे मी इतक्यांदा सोसलंय की त्यावर काहीतरी करणं भागच होतं.

एका बटणाचं यंत्र जुनंच आहे. 1974 साली अमेरिकेतल्या एमएक्सआर कंपनीने गिटारवाल्यांसाठी फेज 90 नावाची, आवाज लाटेसारखा डोलवणारी नारिंगी डबी काढली. तिच्यावर एकच बटण, वेगाचं. ती अजून विकली जाते.

पण मला जवळचा वाटतो तो जमैकातला किंग टबी. खरं नाव ऑस्बोर्न रडक. किंग्स्टनमधला हा माणूस मुळात रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्या मिक्सरवर, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवायच्या यंत्रावर, हाय-पास फिल्टरचं एक मोठं बटण होतं, पायरीपायरीने फिरणारं. ते फिरवलं की गाण्यातला खर्ज निघून जायचा, नुसता पातळ, सळसळता आवाज उरायचा. परत फिरवलं की खर्ज छातीवर येऊन आदळायचा. सत्तरच्या दशकात त्याने त्या बटणावर बोटं ठेवून मिक्सरचंच वाद्य केलं. उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरून जाताना मला हमखास तो आठवतो.

[मिरवणुकीचा दूरचा ठोका. कॅमेरा बंद खिडकीवर.]

आवाज उदास कशाने होतो? मुख्यतः अंतराने. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभं राहिलं तर सगळं ऐकू येतं, झांजेची किणकिणसुद्धा. तीच मिरवणूक दोन गल्ल्या पुढे गेली की घरात नुसता ठोका येतो. टिपेचे आवाज हवेत लवकर विरतात, भिंतींना अडतात. खर्ज पोचतो. लो-पास फिल्टर हेच काम यंत्रात करतो. वरचे आवाज कापतो, खालचे जाऊ देतो. मग रिव्हर्ब, म्हणजे रिकाम्या दगडी वास्तूत मागे रेंगाळतो तो नाद. सॅच्युरेशन, म्हणजे टेपवर आवाज जरा जास्तच जोरात भरला की येणारा ऊबदार खरखरीतपणा. आणि वॉव. कॅसेट जुनी झाली की सूर हळूच डोलायला लागतो, तो.

मूळ कोरडा आवाज धरून या पाच गोष्टी. पहिल्या बटणात मी त्या एका दोरीला बांधल्या. बटण दहावर तर पाचही दहावर, पन्नासवर तर पाचही पन्नासवर. फार हौसेने केलं होतं ते. राजारामपुरीतल्या एका मैत्रिणीकडे घेऊन गेले. तिने हेडफोन लावले, फिरवलं, थांबली, परत फिरवलं.

"हे दोनच जागी चालतंय गं," ती म्हणाली. "बंद असताना, नाहीतर वीसवर. वीसच्या पुढं नुसता चिखल आहे."

तिचं खरं होतं. पाच रंग एकदम ओतले की काळपटच होणार. दोन महिने मी आकडे खालीवर करत बसले आणि चिखलाचा रंग तेवढा बदलला.

[करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. पहाट. काहिलीवर वाफ.]

उत्तर मला गुऱ्हाळावर मिळालं. हे मी पाहुण्यांना सांगते तेव्हा त्यांना ती नुसती उपमा वाटते, पण मी तिथे खरंच उभी होते, काकवीची बाटली घ्यायला गेले होते.

खाली चुलवाण. त्यात चिपाडं सारणारा एक माणूस. वर बैलगाडीच्या चाकाहून मोठी काहील आणि तिच्यात उसाचा रस. म्हटलं तर हातात एकच गोष्ट आहे, जाळ. तो वाढवायचा नाहीतर कमी करायचा. पण रसात जे घडतं ते किती निरनिराळं! आधी मळी वर येते. भेंडीचं पाणी घालून ती धरायची, काढून टाकायची. मग बराच वेळ नुसता उकाळा, डोळ्यांना काही फरक दिसत नाही. मग बुडबुड्यांचा आकार बदलतो, रंग उतरतो, 105 अंशांच्या आसपास काकवी होते. त्यानंतर सगळं भरभर. 118 च्या सुमाराला गूळ. थर्मामीटरवर अंतर जेमतेम 13 अंशांचं, पण एक बाटलीत ओतता येते आणि दुसऱ्याची ढेप उभी राहते.

गुळव्या थर्मामीटर बघत नव्हता. थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघत होता. मी विचारलं, कळतं कसं?

"पोरी, जाळ एकच हाय," तो म्हणाला. "पर समदं एकदम न्हाई हुईत. आदी मळी, मग काकवी, मग गूळ. ज्याचा त्याचा नंबर."

ज्याचा त्याचा नंबर. काकवीची बाटली मांडीवर धरून मी एसटीत बसले आणि तिकिटाच्या मागे नवा आराखडा काढला.

[वहीतलं पान. हाताने काढलेल्या पाच रेघा, प्रत्येक वेगळ्या जागी उचललेली.]

आता बटण शून्यावर असताना आवाजाला काहीही होत नाही. ही अट मी कडक ठेवली, कारण परत यायला घर असलं की माणूस लांब जायला धजतो. फिरवायला लागलं की फक्त वरची चमक उतरते. पंधराच्या पुढे सॅच्युरेशन हळूच भरायला लागतं, चमक गेल्याने पडलेली पोकळी उबेने भरून काढतं. तीसनंतर रिव्हर्ब. पंचावन्नच्या पुढे सूर डोलायला लागतो, तोही एका स्वराच्या अगदी बारीक अंशाने. डोलतोय हे कळलं तर फसलं. आठवण आल्यासारखं वाटलं तर जमलं. आणि सगळ्यांत शेवटी मूळ आवाज मागे सरतो आणि फक्त त्याचा नाद उरतो.

फिल्टर मी रिव्हर्बच्या आधी ठेवला. नंतर ठेवला असता तर बटण फिरवताच हवेत रेंगाळणारा नादही तत्काळ काळवंडला असता, कुणी त्यावर कांबळं टाकल्यासारखा. आधी ठेवल्यामुळे नवा सूर अंधारात जन्मतो आणि जुन्या सुराचा उजेड अजून विझत असतो. दोन्ही काही क्षण एकत्र ऐकू येतात. या बटणात माझ्या सगळ्यांत आवडीची जागा कुठली विचाराल तर ही.

हिशेबाचं थोडं सांगायलाच हवं. माझा फिल्टर 18,000 हर्ट्झवरून, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांवरून, 400 वर उतरतो. सरळ पट्टीने मोजलं तर मध्यावर 9,200 येतात. पण कान सप्तकांनी मोजतो, दर सप्तकाला आकडा निम्मा. 18,000 ते 400 म्हणजे साडेपाच सप्तकं. सरळ पट्टीत बटणाच्या पहिल्या अर्ध्या फेऱ्यात एक सप्तकही पुरतं उतरत नाही आणि उरलेली साडेचार दुसऱ्या अर्ध्यात कोसळतात. माझ्या मैत्रिणीला लागलेला चिखल अर्धा यामुळेही होता. म्हणून मध्यावर सुमारे 2,700 हर्ट्झ हवेत. तसं केलं की प्रत्येक बोटभर फिरवण्याला कानात सारखीच उतरण मिळते.

दुसरा त्रास पायऱ्यांचा. मिडी ही वाद्यांची सामाईक भाषा 1983 सालची. तिच्यात बटणाची जागा साधारणपणे 0 ते 127 अशा आकड्यांत सांगतात. साडेपाच सप्तकं तेवढ्या पायऱ्यांत वाटली तर एका पायरीला साधारण पाव स्वर येतो, आणि बटण फिरवताना झिप ओढल्यासारखी कर्रर्र ऐकू येते. म्हणून हात आणि आवाज यांच्यात थोडी ढिलाई ठेवावी लागते. फिल्टरला 30 मिलिसेकंद पुरतात. रिव्हर्बला मी 200 दिले, तो जरा आळसावून आलेलाच बरा.

आणि एक चूक जी मला फार उशिरा सापडली. सॅच्युरेशन वाढलं की आवाजही थोडा मोठा होत होता. मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो. म्हणजे लोक "वा" म्हणत होते ते कशाला, हेच मला कळत नव्हतं. मग मी उलटं वजन लावलं. जेवढी पातळी वाढेल तेवढीच खाली ओढायची, सगळ्या फेऱ्यात आवाज एकाच उंचीवर. त्या दिवशी माझ्या बटणाची निम्मी जादू गेली. उरलेली निम्मी खरी होती, आणि पुढचं सगळं काम मी तिच्यावर केलं.

[उद्यमनगर. लेथचा आवाज. ॲल्युमिनियमचे कात्रण जमिनीवर.]

पडद्यावर माउसने गोल फिरवणं मला कधी पटलं नाही. हाताला काहीतरी लागलं पाहिजे. कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे मी बटणाचं चित्र घेऊन गेले.

"शाफ्ट कितीची, ताई?"

"सहा मिलीची."

"आन् फिरतंय किती?"

"तीनशे अंश."

त्यांनी चित्रातल्या आकड्यावर बोट ठेवलं. "मग हे 15 मिलीचं कशाला करताय? 40 चं करा की. बोटाला जागा मिळू दे."

घरी येऊन मी मोजलं. 15 मिलीच्या बटणावर पूर्ण फेऱ्यात बोट 39 मिलिमीटर चालतं. 40 च्या बटणावर जवळजवळ 105. तोच फेरा, पण बोटाला अडीचपटीहून जास्त रस्ता. शंभरातला एक अंश बदलायचा तर आता मिलिमीटरभर सरकायचं, जे माणसाच्या बोटाला जमतं. दोन वर्षं मी संगणकात बारकावा शोधत होते आणि तो त्यांनी लेथवर काढून दिला. कडेला नर्लिंग केलं, म्हणजे बारीक खाचा पाडल्या, बोटाची पकड बसावी म्हणून. आतलं ग्रीस घट्ट भरलं. हे बटण भरकन फिरायला नको होतं.

[पंचगंगा. पावसाळा. राजाराम बंधारा, पाणी तपकिरी.]

बटणावर आकडे नाहीत. फक्त दोन ठिपके आहेत, उजवीकडच्या शेवटच्या भागात. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पट्टीवरचा प्रत्येक फूट सारखाच असतो, पण अडतिसावा आणि त्रेचाळिसावा फूट सारखा नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. 2019 साली पाणी 55 फुटांच्याही वर गेलं, तेव्हापासून तर जास्तच.

माझ्या पहिल्या ठिपक्यापाशी मूळ आवाज मागे सरायला लागतो. दुसऱ्याच्या पुढे तो दिसेनासा होतो. तिथे जाऊ नका असं ते ठिपके सांगत नाहीत. कुठे आलात, एवढं बोटाला कळावं.

[उद्यमनगर, पुन्हा. पत्र्यावर पाऊस. दुकानात दोघं.]

बटण तयार झालं त्या दिवशी जोराचा पाऊस होता. ते बसवून मी मिस्त्रींच्या कानाला हेडफोन लावले. आठवड्यापूर्वी त्यांच्याच दुकानाच्या पत्र्यावरचा पाऊस मी रेकॉर्ड केला होता, त्याखाली एक लांब, मंद कॉर्ड. ते त्यांना सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, फिरवा.

त्यांनी लेथचं चाक धरतात तसं दोन बोटांनी ते धरलं. हळूहळू फिरवलं. पहिल्या ठिपक्याच्या जरा अलीकडे हात थांबला. डोळे मिटलेले.

"पाऊस नदीपलीकडं गेला बघा."

मग उलट फिरवलं, पार डावीकडे.

"आला."

आणि परत उजवीकडे न्यायला लागले, या खेपेला आणखी सावकाश.

[पत्र्यावरचा पाऊस. हळूहळू दूर. काळा पडदा.]