पाडवा आणि खरड छाटणी

(नेदरलँड्समधील मराठी मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. तुम्हा सगळ्यांना नव्या वर्षाच्या मनापासून शुभेच्छा.

मी नाशिक जिल्ह्यातली, निफाड तालुक्यातली. माहेरी द्राक्षबाग, सासरीही द्राक्षबाग. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या दुकानांत भारतातली हिरवी बिनबियांची द्राक्षं दिसतात ना, ती बहुतेक आमच्याच भागातून बोटीने रॉटरडॅमला उतरलेली असतात. मंडळाने मला विषय दिला, नव्या वर्षात स्वतःला बदलायचं कसं. यातलं मला जे काही उमगलंय ते बागेत उमगलंय, तेव्हा तिथूनच बोलते.

पाडव्याच्या सुमाराला आमच्याकडे शेवटचे खुडे चाललेले असतात. ज्यांची बाग आधी मोकळी झाली, त्यांच्याकडे खरड छाटणीची, म्हणजे माल निघाल्यावर वेल आखूड कापण्याची, तयारी सुरू होते. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात. कात्री चालायला लागली की हिरवीगार बाग दोन-तीन दिवसांत उघडी पडते. ज्या काडीने यंदा उत्तम घड दिला तीसुद्धा ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे (कोंब फुटायच्या जागा) राखून कापायची. नवख्या माणसाला हे बघवत नाही. लग्न होऊन आलेल्या नव्या सुना विचारतात, "चांगली काडी का कापता?" चांगली होती, पण तिचं काम झालं. ती तशीच ठेवली तर वेल नुसता पसरतो आणि पुढच्या साली फळ धरत नाही.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे. या छाटणीनंतर फळ येत नाही. एप्रिल, मे, जून, पुढे पावसाळाभर, बाग फक्त काडी तयार करते. तरी बागायतदार पाणी देतो, खत देतो, फुटवे विरळतो, सातव्या पानाशी शेंडा खुडून सबकेन, म्हणजे काडीवर पोटकाडी, करतो. खर्च सगळा होतो आणि हातात एक मणी नसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, नुसता पाला वाढवताहेत. पण छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत त्या कोवळ्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होत असतो. डोळ्याला दिसत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीआधी, आम्ही काड्या प्रयोगशाळेत नेतो. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि सांगतात, घड कितव्या डोळ्यावर आहे. त्या हिशोबाने छाटायचं. मग चारेक महिन्यांत माल. उन्हाळ्यात हयगय झाली असेल तर ऑक्टोबरमध्ये कितीही औषधं मारा, घड जिरतो, त्याची बाळी होते, म्हणजे घडाच्या जागी नुसता ताणा उरतो. तेव्हा काही करता येत नाही.

आपण नव्या वर्षाचा संकल्प करतो तेव्हा सगळं लक्ष ऑक्टोबरवर असतं. दहा किलो वजन कमी, डच भाषेची परीक्षा पास, रोज ध्यान. मधले बिनफळाचे महिने कुणी धरलेलेच नसतात. नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे या, पाय ठेवायला जागा नसते. नवे बूट, नवे ट्रॅकसूट. संक्रांत सरली की गर्दी पातळ व्हायला लागते आणि मग उरतात ते नेहमीचेच. ही माणसं आळशी नसतात. तीन आठवडे चालूनही आरशात तोच माणूस दिसतो, म्हणून ती खचतात.

या तीन आठवड्यांचाही एक किस्सा आहे. २१ दिवसांत सवय लागते असं आपण सगळीकडे ऐकतो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान साधारण २१ दिवस लागतात. सांगता सांगता त्यातलं 'किमान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एकच छोटी गोष्ट करायला सांगितली, तीही ठरलेल्या प्रसंगाला जोडून. न्याहारीनंतर, जेवणाआधी, अशी. २०१० मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की ती गोष्ट आपोआप व्हायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ आहे, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागतात, निम्म्यांना जास्त. कुणाला १८ पुरतात, कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत जातो. आणि मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवयीच्या घडणीत फारसा फरक पडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की अख्खं वर्षच सोडून देतो.

दुसरं म्हणजे कात्री. आपण काही न कापता वर नवीन लावत जातो. दिवस तेवढाच, त्यात नोकरी, मुलांचे क्लास, भारतातले फोन, आणि आता त्यावर योगासनं. कुठून जमणार? आधी काहीतरी काढावं लागतं, आणि बहुधा ते वाईट नसतंच. रात्री उशाशी ठेवलेला फोन. तीस-तीस ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ निरोप वाचणं. प्रत्येक आमंत्रणाला हो म्हणणं. एका काळी त्यातल्या काहींनी तुम्हाला परक्या देशात धरून ठेवलं असेल, हे मी जाणून आहे. पण काम झालेली काडी ठेवून चालत नाही.

आणि दृष्टिकोनाबद्दल. लोक म्हणतात, आधी मन बदलायला हवं, मग आचरण बदलेल. माझं निरीक्षण उलटं आहे. हात आधी बदलतो, मन मागून येतं. गणेशोत्सवात आमच्या गोदाकाठी मूर्तिदान सुरू झालं तेव्हा लोक चिडायचे. मूर्ती पाण्यात सोडायची नाही म्हणजे विसर्जनच झालं नाही, असं वाटायचं. कार्यकर्ते घाटावर उभे राहून हात जोडायचे. काही घरांनी नाइलाजाने मूर्ती दिली. दुसऱ्या वर्षी त्याच घरांतली पोरं स्वतःहून रांगेत. आज कितीतरी घरांत मूर्ती घेतानाच शाडूची मागतात. कुणी बसवून समजावलं नव्हतं, एकदा हातून घडलं आणि मग ते आपलं वाटायला लागलं.

तुमच्याच घरातला दाखला देते. नाशिकला असताना कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढणारी माझी भाचेमंडळी इथे पावसात, उलट्या वाऱ्यात सायकलवर ऑफिसला जातात. त्यांनी काही सायकलीचा संकल्प सोडला नव्हता. इथला रस्ताच तसा आहे. उट्रेक्ट स्टेशनखाली १२,५०० सायकली ठेवायची सोय मी कालच बघून आले. आणि हा देश जन्मापासून असा नव्हता. १९७१ मध्ये इथे रस्त्यांवरच्या अपघातांत ३,००० हून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, तेलाची टंचाई आली, आणि सरकारने हळूहळू सायकलचे मार्ग बांधले. म्हणून मी म्हणते, इच्छाशक्तीला दोष देत बसू नका. घरातला रस्ता बदला. व्यायामाची चटई कपाटातून काढून दारात अंथरून ठेवा. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात लावा. मुलांनी मराठी बोलावं असं वाटत असेल तर त्यांना उपदेश करू नका. रविवारी आजीला फोन लावा आणि तुम्ही खोलीबाहेर जा. मध्ये दुभाषी नसला की पोरं बोलतात. आमच्या नातवंडांचं मी हे पाहिलं आहे.

एका बाईंबद्दल सांगते. आमच्या कॉलनीत राहतात, साठी उलटलेली, साखर वाढलेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. त्यांनी ठरवलं ते एवढंच, की सकाळचा चहा झाला की कप विसळायचा आणि चपला घालून गेटपर्यंत जायचं. गेटपर्यंत! सून हसायची. पण गेटला पोचलेली बाई बहुतेक दिवस पुढे जायचीच, आणि ज्या दिवशी गुडघा दुखायचा त्या दिवशी गेटवरून परत यायची. तो दिवसही त्यांनी भरलेलाच धरला. गेल्या पावसाळ्यात त्या छत्री घेऊन गेटशी उभ्या दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मी चालणारी बाई आहे." वर्षभरापूर्वी हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं नसतं. साखरेचा आकडा नंतर सुधारला. माझ्या लेखी त्याआधीच काम झालं होतं.

आता मंडळाकडे एक मागणं आहे. आमच्याकडे शेजारशेजारचे बागायतदार एकमेकांच्या बागेत चक्कर मारतात. स्वतःच्या बागेतला रोग माणसाला उशिरा दिसतो, शेजाऱ्याला लगेच दिसतो. परक्या देशात असा शेजार आपोआप मिळत नाही, तो मुद्दाम लावावा लागतो. दोघादोघांच्या जोड्या करा. नवरा-बायकोची जोडी नको, तिथे हिशोब वेगळे असतात. आठवड्यातून एकदा फोन, दहा मिनिटं. किती झालं हे विचारायचं नाही, चालू आहे का एवढंच विचारायचं. गणपतीच्या मेळाव्यापर्यंत फळाची चौकशी कुणी कुणाची करायची नाही.

कार्यकर्त्यांशी मी बोलले आहे. जेवणाच्या रांगेशेजारी टेबलावर वही ठेवली आहे. त्यात नाव आणि फोन नंबर लिहा. काय सुरू करणार ते लिहू नका, काय कापणार ते लिहा. जोड्या आजच लावून देतो असं त्या मंडळींनी कबूल केलंय.