प्लग ओला की कोरडा?

श्रोतेहो, नमस्कार.

निफाडची थंडी मी काय वेगळी सांगणार! डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर घसरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि उजाडल्यावर माझ्या गॅरेजसमोर चालू होईनात म्हणून ढकलत आणलेल्या मोटारसायकली उभ्या राहतात. बहुतेक सगळ्या जुन्या, कार्बोरेटरवाल्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं साधं यंत्र असलेल्या. 2020 च्या एप्रिलमध्ये धुराच्या प्रदूषणाचा बीएस-6 हा नियम लागू झाला आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन आलं. इंजिन किती गार आहे ते त्या गाड्या स्वतःच ओळखतात आणि पेट्रोलचं माप ठरवतात. आपल्या जुन्या स्प्लेंडरला, आरएक्स हंड्रेडला, बुलेटला ते माप आपण द्यायचं असतं, चोक लावून.

गाडी ढकलत आणणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "पन्नास किका मारल्या, दादा." मग माझाही प्रश्न ठरलेला : "प्लग काढून बघितला का?" बघितलेला नसतो. खरं तर दहाव्या किकेलाच थांबायचं, प्लगपाना घ्यायचा आणि प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा तो तुकडा, बाहेर काढायचा. तो ओला आहे की कोरडा, एवढंच बघायचं. दुखणं कुठल्या बाजूला आहे ते तिथेच कळतं.

आधी थंडी नेमकं काय करते ते सांगतो. पेट्रोल द्रव असताना नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. गार इंजिनात निम्मंअधिक पेट्रोल आतल्या धातूला थेंब होऊन चिकटतं आणि ठिणगीपर्यंत पोचतं ते नुसतं वारं. एरवी एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा लागते. गारठ्यात पेट्रोलचं प्रमाण बरंच वाढवावं लागतं, चोक त्यासाठीच. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते. म्हणून "पूर्वी एका किकेत चालू व्हायची हो" ही तक्रार अगदीच खोटी नाही.

आता चोक लावण्यातली एक चूक. स्प्लेंडरसारख्या गाडीत चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप. आरएक्समध्ये तसं नाही. तिथे चोक उचलला की पेट्रोलची एक वेगळी बारीक वाट उघडते आणि इंजिनाच्या ओढीने पेट्रोल वर येतं. ही ओढ टिकते ती अ‍ॅक्सिलरेटर बंद असेपर्यंत. आपण करतो काय? चोक लावतो आणि वर रेसही पिळतो. ओढ गेली, चोक लावून न लावल्यासारखा. या गाड्यांना चोक लावायचा, मूठ सोडून द्यायची आणि मग किक मारायची.

बरं, प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बघा, हसू नका, निम्म्या वेळा तो रिझर्व्हला न्यायचा राहिलेला असतो. कॉक ठीक असेल तर कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल सोडायचा स्क्रू असतो. तो सैल करून खाली काचेची छोटी बाटली धरा. त्या वेळी बिडी-काडी लांब ठेवा. बाटली उजेडात धरली की कधी कधी तळाशी पाण्याचे गोल मणी पाऱ्यासारखे पळताना दिसतात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत हे हमखास. तेवढं पाणी काढलं तरी पुष्कळदा काम होतं.

आणि एक खूण : गाडी चोकवर चालू होते, चोक काढला की बंद पडते. तसं असेल तर पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक नळी, तुंबलंय. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. त्यात तार खुपसू नका. भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते. हवा मारा, नाहीतर ब्रशचा नायलॉनचा केस घाला.

प्लग ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. प्लग पुसा, वायरच्या टोकाच्या टोपीत बसवा, त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा आणि किक मारा. निळी, चटचटणारी ठिणगी हवी. पिवळट, अशक्त असेल तर आधी प्लग बदला, मग टोपी आणि वायर बघा. प्लग हवेत अधांतरी धरून किक मारू नका, सीडीआय, म्हणजे ठिणगीची वीज सोडणारी डबी, जायची. आणि प्लगच्या भोकापासून ठिणगी लांबच ठेवा, तिथून पेट्रोलचा फवारा येतो. मोटारसायकल आडवी करायच्या फंदात तर पडूच नका. ती करामत स्कूटरच्या जमान्यातली. इथे कार्बोरेटर सांडतो आणि ओला प्लग आणखी ओला होतो.

टॅपेटचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं, थोडक्यात सांगतो. "माझ्या इंजिनाचा अजिबात आवाज नाही" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला शंका येते. टॅपेट फार घट्ट झाले की आवाज जातो खरा, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गळतं आणि सकाळी गाडी रुसते. किंचित टिकटिक बरी.

मीही फसलोय. गेल्या हिवाळ्यात लासलगावकडच्या एका कांदाव्यापाऱ्यांची स्प्लेंडर आली. प्लग ओला, वर काळाकुट्ट. मी नवा प्लग घातला, टोपी बदलली, कार्बोरेटर दोनदा उघडला. दुपार झाली. शेवटी बाजूचं झाकण काढून एअर फिल्टरची डबी उघडली तर आत कांद्याच्या गोणीचे लाल धागे, कापसासारखे पिंजून गोल रचलेले. उंदराने घर बांधलं होतं. हवेची वाटच बंद, म्हणजे गाडीला दिवसरात्र चोक लावल्यासारखंच. काळा प्लग पहिल्या मिनिटापासून हेच सांगत होता. मी फक्त ओला बघितला, काळा बघितला नाही.

धागे काढले, फिल्टर झटकला, दुसऱ्या किकेला गाडी चालू. त्या दिवसाची मजुरी मी घेतली नाही. आठवड्याने त्यांचा फोन आला. म्हणाले, "दादा, तुमचा उंदीर आता ट्रॅक्टरच्या सीटखाली राहायला आलाय." ट्रॅक्टर मी बघत नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

नमस्कार.