मुळशीची वीज, दरेवाडीची वीज

(दृश्य: मुळशीचा जलाशय)

पुणे जिल्ह्यातल्या या पाण्यावर १९२७ पासून वीज तयार होते आहे. धरणाचं पाणी सह्याद्री ओलांडून रायगड जिल्ह्यात भिऱ्याला उतरतं आणि तिथली वीज जाते मुंबईला. जमिनी बुडाल्या त्या मात्र इथल्या. त्यांच्यासाठीच सेनापती बापट १९२१ मध्ये सत्याग्रहात उतरले होते. धरण झालंच. पुण्याच्या घाटमाथ्यावरच्या कितीतरी वस्त्यांमध्ये पुढची कैक दशकं रॉकेलची चिमणी जळत राहिली.

चार घरं या सोंडेवर, सहा त्या टेपावर, मध्ये दरी, नाहीतर वनखात्याची हद्द. खांब न्यायचे कुठून? नेले तरी आषाढात तार तुटल्यावर वायरमन पोचणार कधी?

(दृश्य: जुन्नर तालुका, दरेवाडी. सौर पॅनेलच्या रांगा)

दरेवाडी ही अशीच एक आदिवासी वस्ती. घरं चाळिसाच्या आत. २०१२ साली पुण्याच्या ग्राम ऊर्जा कंपनीनं, बॉश या जर्मन कंपनीच्या आर्थिक मदतीतून, इथं सुमारे साडेनऊ किलोवॉटचा सौर संच उभारला. घरटी एकेक दिवा वाटून मोकळं होणं सोपं होतं. इथं वस्तीचं स्वतःचं वीजकेंद्रच झालं: एका जागी पॅनेल, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, तिथून घरोघर तारा आणि दारात मीटर.

आता थोडं गणित. लख्ख ऊन असेल तर एक किलोवॉट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे साडेनऊ किलोवॉटचे अडतीसेक युनिट, आणि एका घराच्या वाट्याला जेमतेम एक. त्यात दिवे, मोबाईल, टीव्ही, जपून वापरला तर पंखाही बसतो. पण कुणी दीड हजार वॉटची शेगडी लावली, तर घराचं दिवसभराचं युनिट पाऊण तासाच्या आत संपतं. म्हणून अशा वस्तीत कुणी काय लावायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. शहरात आपण शेजाऱ्याला विचारून गिझर लावत नाही!

गिरणी चालवायची तर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. पाण्याचा पंपही तेव्हाच. दिवसा उंचावरची टाकी भरून घेतली की पाणी रात्री आपोआप नळाला येतं, त्यासाठी बॅटरी खर्ची पडत नाही. आणि पाण्याची टंचाई उन्हाळ्यात असते, म्हणजे पॅनेल जोरात चालतात तेव्हाच. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र घाटावर दिवसेंदिवस ढग हटत नाहीत. तेव्हा टीव्ही बंद, दिवे तेवढे चालू.

(दृश्य: बॅटऱ्यांची खोली)

अशा योजना अडतात त्या या खोलीत. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतात, लेड-ॲसिड बॅटऱ्या पाच-सात वर्षांत बदलायला येतात. उद्घाटनाचे फोटो काढणारे तोवर कुठच्या कुठे गेलेले असतात. दरेवाडीत म्हणून पहिल्यापासून घरटी वीजबिल आहे. ते गोळा करते गावाचीच संस्था, आणि देखभालीचा पैसा त्यातून उभा राहतो. फुकट वीज देणाऱ्या योजनेला टाळ्या जास्त मिळतात, पण बॅटरी बदलायची वेळ आली की तिच्याकडे पैसा नसतो.

उद्या महावितरणची लाइन आली तर? घरं लाइनवर घ्यावीत आणि पंप, गिरणी, रस्त्यावरचे दिवे सौरवर ठेवावेत, अशी वाटणी करता येते. फक्त तेव्हाही सौरचं बिल भरायला घरं तयार हवीत, आणि ते लाइन येण्याआधीच गावच्या बैठकीत ठरलेलं बरं.